डोकं खाणाऱ्या माशीच्या मागावर : कोस्टा रिकातल्या मुंग्यांच्या वाटेवर काही दिवस

कोस्टा रिकाला जाणारे लोक ज्वालामुखी बघतात, स्लॉथ बघतात, समुद्रात फळीवर उभं राहायला शिकतात. आम्ही गेलो एक माशी बघायला. लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, रंग मातकट, पाठीला पोक. पानं कापणाऱ्या मुंगीच्या अंगात ही माशी अंडं घालते आणि त्यातून निघालेली अळी मुंगीचं डोकं आतून खाते. माझी भाची अमेरिकेत कीटकशास्त्र शिकते. तिला सुट्टी होती, माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, आणि "मावशी, तू नुसती चल, बाकी मी बघते" असं ती म्हणाली की माझा विरोध संपतोच.

व्हिसाचं आधीच सांगून टाकते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा असेल तर कोस्टा रिकासाठी वेगळा लागत नाही. तरी नियम बदलतात, निघण्याआधी एकदा तपासा. दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात, तोही बघून ठेवा.

शुक्रवार : सान होसे

राजधानीत एकच दिवस ठेवला होता, तो सत्कारणी लागला. कोस्टा रिका विद्यापीठाचं कीटक संग्रहालय संगीत विभागाच्या इमारतीच्या तळघरात आहे. वर कोणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं आणि खाली आम्ही टाचणीला लावलेल्या मुंग्या बघत होतो. एकाच वारुळातल्या, एकाच राणीच्या पोटच्या मुंग्या ओळीने मांडल्यावर त्या एका जातीच्या आहेत हे पटतच नाही. एका टोकाला बदामी डोक्याची, जाडजूड जबड्याची शिपाई मुंगी आणि दुसऱ्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढी बारीक कामकरी. हा आकारांचा फरक लक्षात ठेव, असं भाचीने तिथेच बजावलं. पुढची सगळी गोष्ट त्यावरच चालणार होती. (संग्रहालयाच्या वेळा आधी फोनवर विचाराव्यात.)

माशीचं कूळ फोरिडी. या कुळातल्या चार हजारांहून जास्त जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि जाणकारांच्या मते हा खऱ्या आकड्याचा लहानसा भाग आहे. लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले ब्रायन ब्राऊन यांचं आयुष्य या माश्यांत गेलं. त्यांच्या गटाने त्याच शहरातल्या घरांच्या परसांत सापळे लावले आणि २०१५ मध्ये विज्ञानाला माहीत नसलेल्या ३० जाती जाहीर केल्या. जगातल्या सर्वांत लहान माश्यांपैकी एक, थायलंडमधली, तीही याच कुळातली. तिचं वर्णन ब्राऊन यांनी २०१२ मध्ये केलं. लांबी ०.४ मिलिमीटर. तीही बहुधा कुठल्यातरी चिमुकल्या मुंगीच्या डोक्यातच वाढत असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

"म्हणजे डोकं जेवढं लहान, तेवढी माशी लहान?" मी विचारलं.

"डोकं हेच घर आणि डोकं हेच जेवण. घराबाहेर वाढायला जागा कुठंय, मावशी?"

शनिवार : सान होसे ते सारापिकी

ग्रान कारिबे स्थानकातून पुएर्तो व्हिएहो दे सारापिकीची बस मिळते. 'दे सारापिकी' हे शब्द खिडकीवर मुद्दाम ठासून म्हणा. नुसतं पुएर्तो व्हिएहो म्हणालात तर तिकीट कॅरिबियन किनाऱ्यावरच्या त्याच नावाच्या गावाचं हातात पडू शकतं. ते गाव सुंदर आहे म्हणे, पण आपल्या माशीपासून फार लांब.

रस्ता ब्राऊलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानातून जातो. सुर्की बोगद्याच्या अलीकडे ऊन होतं, पलीकडे धुकं आणि अंगावर झुकलेलं हिरवं रान. पुढे एका पुलावरून रिओ सुसिओ दिसते. ज्वालामुखीतल्या खनिजांनी तिचं पाणी पिवळट झालेलं असतं, आणि शेजारून येणाऱ्या स्वच्छ नदीला ती मिळते तिथे थोडं अंतर दोन्ही रंग वेगळे राहतात. उजवी-डावी बाजू विचारत बसू नका, सगळी बस उठून बघते. या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि तो तासन्‌तास बंद पडतो. परतीच्या विमानाच्या दिवशीच इथून निघायचं धाडस करू नये.

गावात उतरल्यावर एका सोडात जेवलो. सोडा म्हणजे घरगुती खानावळ. कासादो मागवला. भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं पिकलं केळं, कोबीची कोशिंबीर. मांस नको म्हटल्यावर बाईंनी अंडं वाढलं, वर पाल्मितोची भाजी दिली. पाल्मितो म्हणजे ताडवर्गातल्या झाडाचा कोवळा गाभा. शाकाहारी माणसाची या देशात आबाळ होत नाही, फक्त रोज तेच खायची तयारी हवी. जेवणावर आग्वादुल्से घेतलं, गरम पाण्यात विरघळवलेला गूळ. त्या दमट हवेत गरम कशाला, असं वाटलं, पण पेला रिकामा कधी झाला कळलं नाही.

ला सेल्वा हे संशोधन केंद्र गावापासून टॅक्सीने अगदी जवळ. लेस्ली होल्ड्रिज या वनस्पतिशास्त्रज्ञाची ही जमीन. १९६८ मध्ये ती ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेने घेतली. आज सुमारे १,६०० हेक्टर जंगल, वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस, आणि झुलत्या पुलापलीकडे पायवाटांचं जाळं. संशोधक नसलेल्या पाहुण्यांनाही राहता येतं, मात्र आधी कळवावं लागतं. खोल्या साध्या, पंखे जोरदार. अंगणात रानडुकरांचा कळप चरत होता. आम्ही थबकलो, त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. वास मात्र बराच वेळ मागे रेंगाळला.

रविवार : वाट

पहाटे हाउलर माकडांनी उठवलं. नाश्त्याला गायो पिंतो, म्हणजे परतलेला भात-घेवडा, वर आंबट साय. आठच्या सुमाराला वाटाड्या आला. सारापिकीतच वाढलेला मध्यमवयीन माणूस, खांद्यावर दुर्बीण, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आम्हालाही बूट घालायला लावले. तेर्सिओपेलो नावाचा विषारी साप इथे पाचोळ्यात बेमालूम मिसळतो.

बाकीच्या मंडळींना टूकन हवा होता. भाचीने वाटाड्याला बाजूला घेऊन सांगितलं, आम्हाला झोंपोपा हव्या आहेत. पानं कापणाऱ्या मुंग्यांना इथे झोंपोपा म्हणतात. तो हसला. "त्यांच्यासाठी वर बघायला नको. मान दुखणार नाही."

त्रेस रिओस वाटेवर सिमेंटची पट्टी ओलांडून मुंग्यांचा रस्ता गेला होता. रस्ता हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. हाताच्या पंजाएवढा रुंद, पाचोळा साफ केलेला, काडीकचरा बाजूला सारलेला. त्यावरून हिरवे तुकडे वारुळाकडे निघाले होते आणि रिकाम्या मुंग्या झाडाकडे. ही अ‍ॅटा सेफॅलोटिस. पानं त्या खात नाहीत. जमिनीखालच्या कोठड्यांत पानांचा लगदा करून त्यावर बुरशी वाढवतात आणि पिल्लांना ती भरवतात. एका मोठ्या वारुळात काही दशलक्ष मुंग्या असतात. या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आहेत, टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत. त्यामुळे ही माशीसुद्धा बघायची तर इकडेच यावं लागतं.

मी उकिडवी बसले आणि तेव्हा ते दिसलं. मुंगीने जबड्यात उभ्या धरलेल्या पानाच्या तुकड्यावर आणखी एक मुंगी होती. इवलीशी. ट्रकच्या टपावर बसलेल्या क्लीनरसारखी ती ऐटीत चालली होती. काही तुकड्यांवर एक, काहींवर दोन-तीन, पुष्कळांवर कोणीच नाही.

"ही फुकटी कोण?"

"फुकटी नाही, पहारेकरी," भाची म्हणाली.

१९६७ मध्ये इरेनॉस आयबल-आयबेसफेल्ट आणि त्यांच्या पत्नी एलिओनोरे यांनी लिहिलं की या बारक्या मुंग्या ओझं वाहणारीला माश्यांपासून वाचवतात. जिचे जबडे पानात अडकलेले आहेत तिला स्वतःचं रक्षण करता येत नाही. मग ते काम टपावरची करते. मागचे पाय रोवते, जबडा उघडते आणि माशी जवळ आली की तिच्यावर झेप घेते. पुढे या माश्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी आयबेसफेल्टफोरा असं नाव दिलं. सगळी कीर्ती माशीला आणि संशोधकाला. टपावरच्या मुंगीच्या नावाने काहीच नाही, हे मला जरा अन्यायाचं वाटलं.

माशी मात्र आली नाही. आभाळ भरलेलं होतं, अधूनमधून सर येत होती. वाटाड्या म्हणाला, "ऊन पडू द्या. त्यांना उजेड लागतो." दुपारी टूकनवाली मंडळी चार-चार पक्ष्यांची नावं सांगत जेवायला आली. आमच्याकडे सांगायला फक्त चिखलाने माखलेले गुडघे होते.

बसायला रबरी चटईचा तुकडा किंवा जाड प्लॅस्टिक घेऊन जा. आणि मुंग्यांच्या रस्त्याच्या अगदी कडेला बसू नका. शिपाई मुंगी बुटावर चढते, मग मोज्यात शिरते, आणि तिचा जबडा मोज्यासकट कातडी धरतो. भिंगाचा चष्मा असेल तर उत्तमच. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, माशी स्थिर राहतच नाही.

सोमवार : ऊन, माशी आणि रात्र

सकाळी लख्ख ऊन. आम्ही त्याच जागी जाऊन बसलो. थोड्या वेळाने भाचीने माझा हात दाबला. रस्त्याच्या वर, वीतभरही नसेल एवढ्या उंचीवर, धुळीचा एक कण हवेत थांबला होता. धूळ थांबत नसते. कण डावीकडे सरकला, एका मुंगीच्या मागे लागला, तिच्या वेगाने तिच्या डोक्यामागे तरंगत राहिला, सोडून दिली, दुसरी धरली.

मुंग्यांना ती आल्याचं आमच्याआधी कळलं होतं. सरळ चाललेल्या रांगेत एकाच ठिकाणी गोंधळ उडाला. एक मुंगी जबडा उघडून मागे वळली. एकीने पान टाकलं आणि धूम ठोकली. एक जागच्या जागी डोकं खाली घालून मुरली. हातभर पुढची आणि हातभर मागची रांग मात्र निवांत चालू होती. मग माशी खाली गेली. एक मुंगी झटका बसल्यागत थांबली आणि माशी पुन्हा वर. मला वाटलं, नेम चुकला.

"झालं," भाची म्हणाली.

"काय झालं?"

"अंडं गेलं आत."

एवढंच. पापणी लवते न लवते तोवर. मुंगीने शृंगिका पुसल्या, टाकलेलं पान शोधलं, उचललं, चालायला लागली. पुढे काय होतं ते भाचीने तिथेच बसून सांगितलं. अळी डोक्यात पोहोचते आणि जबडा हलवणारे स्नायू खाते. या मुंग्यांचं डोकं मुख्यतः त्या स्नायूंनीच भरलेलं असतं, पान कापायला ताकद लागते ना. मुंगी लगेच मरत नाही. काही दिवस ती हिंडत असते, मग मंदावते आणि मरते. काही जातींत डोकं धडापासून गळूनच पडतं. काही माश्यांच्या अळ्या त्या रिकाम्या डोक्यातच कोष करतात, काही बाहेर पडून मातीत. अ‍ॅपोसेफॅलस गटातल्या एका जातीत एकाच डोक्यात अनेक अळ्या वाढतात.

प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी. काही माश्या चालत्या मुंगीला मागून गाठतात. काहींना आधी पानाच्या तुकड्यावर उतरावं लागतं. तिथून पुढे होऊन त्या मुंगीच्या तोंडाकडच्या भागात अंडं घालतात. म्हणजे मुंगीने स्वतःच्या डोक्यावर शत्रूसाठी व्यासपीठ धरलेलं असतं! टपावरच्या पहारेकरणीचा खरा उपयोग अशा माशीविरुद्ध. १९९० मध्ये डोनाल्ड फीनर आणि कॅरन मॉस यांनी पनामातल्या मुंग्यांवर मोजमाप करून दाखवलं की तुकड्यावर बारकी असली तर माशी त्यावर कमी उतरते आणि उतरलीच तर कमी वेळ टिकते.

आमच्यासमोरची माशी यातली कुठली, हे मी विचारलं. भाचीने नळी तोंडात धरून एक माशी कुपीत ओढण्याचा अभिनय करून दाखवला. इथे परवान्याशिवाय काडीही उचलायची नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली माशीचं अंडं घालायचं अवजार बघितल्याशिवाय जात सांगता येत नाही. जातीचं नाव न कळताच आम्ही उठलो.

दुपारी परतताना अनपेक्षित प्रकार घडला. वाटेवर एक बाला पडली होती, कोणाच्या तरी बुटाखाली अर्धवट चिरडलेली. बाला म्हणजे बंदुकीची गोळी. इंचभर लांबीची ही काळी मुंगी डसली की कळ दिवसभर राहते. वाटाड्या थांबला. "दोन्या (म्हणजे बाई), घाई नाही ना? जरा थांबा." आम्ही थांबलो. दोन-चार मिनिटांत जखमी मुंगीच्या अंगावर बारीक माश्या घिरट्या घालू लागल्या. ही अ‍ॅपोसेफॅलस पॅरापोनेरी, त्याच अ‍ॅपोसेफॅलस गटातली पण वेगळ्या सवयीची. धडधाकट बालाच्या वाटेला ती सहसा जात नाही. घायाळ मुंगीच्या जबड्याजवळच्या ग्रंथींतून सुटणारा वास तिला ओढून आणतो. मुंगीने मदतीसाठी मारलेली हाक ही माशी ऐकते. सकाळच्या शिकारीपेक्षा हे दृश्य मला जास्त लागलं. शिकार करणं समजतं, पण वेदनेचा वास काढत येणं...

रात्री पुन्हा गेलो, दुसऱ्या एका वाटाडीबरोबर. रात्रीच्या फेरीसाठी ती लागतेच, एकट्याने जाऊ देत नाहीत आणि जाऊही नये. दिव्यावर लाल कागद लावा. लाल उजेड कीटकांना फारसा जाणवत नाही आणि तुमचेही डोळे दिपत नाहीत.

वाट तीच होती, पण वर्दळ वेगळी. रात्रीच्या मुंग्या थोराड होत्या, पानंही मोठी. टपावरच्या स्वाऱ्या फारच थोड्या. सकाळच्या लहानखुऱ्या मुंग्यांच्या जागी जणू दुसरी पाळी कामाला लागली होती. मॅथ्यू ऑर यांनी १९९२ मध्ये हेच कोस्टा रिकात दाखवलं. इथल्या एका माशीला अंडं घालायला निदान १.६ मिलिमीटर रुंदीचं डोकं लागतं. त्याहून लहान डोक्यात अळीचं भागत नाही. माशी दिवसा उडते. म्हणून दिवसा वारूळ लहान डोक्याच्या मुंग्या बाहेर धाडतं आणि मोठ्या, जास्त ओझं नेऊ शकणाऱ्या, अंधार पडल्यावर निघतात.

मला झोप लागेना. दोन मिलिमीटरच्या एका माशीने लाखोंच्या वारुळाचं वेळापत्रक ठरवलं होतं.

मंगळवार : पाऊस

मंगळवारी दिवसभर पाऊस कोसळला. झुलत्या पुलावरून नदी चहाच्या रंगाची दिसत होती. सर सुरू झाली तेव्हा आम्ही मुंग्यांच्या रस्त्यावरून एकदा जाऊन आलो. पानं टाकून सगळ्या पसार झालेल्या, रस्ताभर हिरवे तुकडे भिजत पडलेले. मग भोजनगृहात बसलो ते बसलोच. कोणीतरी उकडलेले पेहिबाये आणले होते. हे ताडाचं केशरी फळ, चव भोपळा आणि चेस्टनटच्या मधली, वर मेयोनेझचा ठिपका. ठिपका नसता तरी चाललं असतं.

अशा केंद्रात जेवणाचं टेबल हे अर्धं विद्यापीठ असतं. शेजारी बसलेल्या एका संशोधिकेने आमच्या पहारेकरणीच्या कथेला सुरुंग लावला. माशी नसते तेव्हाही या बारक्या पानावर बसतात, मग त्या नुसत्या पहाऱ्यासाठीच कशा? त्या पानाच्या कापलेल्या कडेचा रस पितात. वारुळातल्या बुरशीला घातक जंतू आत जाऊ नयेत म्हणून पान वाटेतच चाटून साफ करतात. पहारा हे एक काम झालं. आणि टपावर चढायचं कधी, हेही त्यांना कळवलं जातं. १९९५ मध्ये फ्लाव्हिओ रोसेस आणि बर्ट हॉलडॉब्लर यांनी दाखवलं की पान कापणारी मुंगी पोट घासून बारीक कंपनं काढते, ती पानातून बारकीच्या पायांपर्यंत पोहोचतात आणि ओझं निघतंय हे तिला समजतं.

मी विचारलं, अशा किती मुंग्यांच्या डोक्यात अळी सापडते? उत्तर ऐकून चकित झाले. फार थोड्या. रस्त्यावरच्या मुंग्या गोळा करून तपासल्या तर बहुतेक वेळा शंभरात पाचही निघत नाहीत. एवढ्या मृत्यूंनी दशलक्षांच्या वारुळाचं काही बिघडत नाही. पण माशी घोंघावत असली की मुंग्या पानं टाकतात, रिकाम्या परततात, रस्त्यावर कमी येतात, लहान ओझी नेतात, पहाऱ्याला माणसं गुंतवतात. माणसं म्हणाले का मी? पाऊस फार झाला होता. सांगायचं इतकंच की माशी मारते त्यापेक्षा अडवते जास्त, आणि काल आम्ही पाहिलेल्या त्या हातभर गोंधळात मेली असेल तर एखादीच, पण काम ठप्प सगळ्यांचं झालं होतं.

ला सेल्वाला जाणाऱ्यांनी एक दिवस पावसाच्या नावे सोडूनच यावं. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात बरे महिने म्हणतात, पण कोरडा असा महिना इथे नाही. कपडे वाळत नाहीत, जास्तीचे मोजे आणा.

बुधवार : टॅक्सीवाल्याची संत्री

निघायच्या सकाळी केंद्राने बोलावून दिलेला टॅक्सीवाला गप्पिष्ट निघाला. कशासाठी आला होतात, त्याने विचारलं. भाचीने सांगितलं. त्याने चक्क गाडी बाजूला घेतली.

"झोंपोपांना मारणारी माशी? आणि हे मला आज कळतंय?"

त्याचं घर वाटेवरच होतं. मागे थोडी संत्री, थोडी युका, म्हणजे कसावा. चार झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. एका रात्रीत, तो म्हणाला. संत्र्याचं झाड पुन्हा फुटेल, पण फळ यंदा गेलं. कुंपणाच्या कोपऱ्यात वारुळाचा मातीचा ढीग होता, जमिनीवर खोलीएवढी जागा व्यापलेला. त्याच्या आईने आम्हाला खुर्च्या दिल्या, कापडी गाळणीतून कॉफी गाळून दिली आणि मुलगा झोंपोपांविषयी बोलू लागल्यावर आत निघून गेल्या. हे आख्यान त्यांनी बरेचदा ऐकलं असणार.

तो विषारी आमिषाच्या गोळ्या टाकतो. मुंग्या त्या पान समजून आत नेतात. दक्षिण अमेरिकेत यासाठी सल्फ्लुरामिड हे रसायन फार वापरतात. ते निसर्गात मोडून पीएफओएस हे विषारी रसायन बनतं, आणि पीएफओएस काही केल्या नष्ट होत नाही. २००९ मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे न मोडणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, पीएफओएसवर निर्बंध आले तेव्हा पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या आमिषाला मुद्दाम मुभा ठेवली गेली. या मुंग्यांचा त्रास किती असेल याचा अंदाज त्यावरून यावा.

"मग माशी का नाही सोडत?" त्याचा प्रश्न रास्त होता. भाचीने फ्लोरिडाचं उदाहरण दिलं. तिकडे दक्षिण अमेरिकेतून चुकून गेलेल्या लाल आगमुंगीने उच्छाद मांडला. १९९७ मध्ये ब्राझीलहून आणलेली सुडॅक्टिऑन माशी तिच्यावर सोडली. तीही फोरिडच, तीही डोकं पाडणारी. माशी रुजली, पसरली, पुढे आणखी जाती सोडल्या. पण आगमुंगी संपली नाही, फक्त तिच्या मोकळ्या वावराला थोडा चाप बसला. आणि तिथे ती माशी मुळात नव्हती. इथे तर माशी हजारो वर्षं आहेच. तुमच्या कुंपणावरही ऊन पडल्यावर बघा, सापडेल.

आम्ही तिघेही जाऊन बघितलं. वारुळाच्या तोंडाजवळ होती एक, मुंग्यांच्या वर डुलत. तो गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ वाकून उभा राहिला. मुंग्या पानं टाकून पळाल्या तेव्हा त्याने टाळी वाजवली.

"अशा दहा हजार पाहिजेत मला," तो म्हणाला. "कुठे विकत मिळतात?"

"मिळत नाहीत. वाढवाव्या लागतात."

"कशावर वाढतात?"

"जिवंत झोंपोपांवर."

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा वारुळाकडे पाहिलं. मग घराकडे तोंड करून ओरडला, "आई! ही मुलगी सांगते, आणखी झोंपोपा पाळ म्हणून!" आतून काय उत्तर आलं ते स्पॅनिशमध्ये होतं आणि भाचीने ते मला सांगायचं साफ नाकारलं. सान होसेची बस त्यानेच हात करून थांबवली आणि कॉफीचे पैसे देऊ केले तर रागावला.